पासवर्ड निघाला, तरी जुना कॉम्प्युटर पुन्हा अडतोच: कुठून बघायचं, कशाला हात लावायचा नाही

दर दोन-तीन महिन्यांनी घरातल्या कुणाचा तरी असा फोन येतो. कपाटातून जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप बाहेर काढलेला असतो, धूळ पुसून झालेली असते, पंखा फिरतोय, पडद्यावर नाव आलंय आणि नावाखाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड ज्यानं ठेवला त्याला तो आठवत नाही, किंवा ज्यानं ठेवला तो माणूसच आता नाही. आत फोटो आहेत, कुणाचा प्रबंध आहे, दहा वर्षांचे हिशेब आहेत. आणि फोन माझ्यापर्यंत येईतो बहुतेक वेळा काहीतरी उद्योग करून झालेला असतो: कुणी तीस पासवर्ड मारून बघितलेत, कुणी 'रिकव्हरी' असं लिहिलेलं दिसलं म्हणून त्यावर क्लिक केलंय. त्या बटणानं रिकव्हर होतो तो कारखान्यातून आला तसा कोरा कॉम्प्युटर. तुमचे फोटो त्यात नसतात.

मध्यंतरी मामांचा डेस्कटॉप आला. विंडोज एक्सपी. पासवर्ड पंधरा मिनिटांत निघाला, फोटो दिसले, मामा खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "अरे, निळा पडदा आला. तू काहीतरी केलंस." मी गेलो, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्राममध्ये) एक गोष्ट बदलली, चालू झाला. दोनदा रीस्टार्ट करून दाखवला. तिसऱ्या दिवशी परत तोच फोन. पासवर्ड काढणं हा या कामातला सोपा भाग आहे आणि खरा त्रास त्याच्या मागेपुढे असतो, हे त्या आठवड्यात पुन्हा एकदा कळलं. त्या निळ्या पडद्याचं पुढे सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं स्वतःच्या मशीनसाठी, किंवा ज्याचं आहे त्याच्या संमतीनं. ऑफिसनं दिलेला लॅपटॉप असेल तर तो ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे न्या. सेकंडहँड घेतलेला असेल तर विकणाऱ्यालाच पासवर्ड विचारा, आणि त्याला तो सांगता येत नसेल तर मशीन त्याचं होतं का, हा प्रश्न आधी सोडवा.

पासवर्ड मागतंय कोण?

पॉवरचं बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत काय काय दिसतं, ते नीट बघा. शक्यतो फोनवर त्याचा व्हिडिओच काढा, कारण काही पडदे दोन सेकंदांत निघून जातात. कुलपं चार प्रकारची असतात आणि एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही.

कंपनीचा लोगो आल्या आल्या, विंडोजचं नावसुद्धा दिसायच्या आधी, काळ्या किंवा निळ्या पडद्यावर छोटी चौकट आली, तर तो बायोसचा पासवर्ड. चौकट त्याच वेळी येते पण तिच्यात हार्ड डिस्क किंवा एचडीडी असं लिहिलंय, तर तो डिस्कचा स्वतःचा पासवर्ड. हा डिस्कच्या आत राहतो, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी कुलूप तसंच. विंडोजचा लोगो येऊन गेला, मग नाव आणि चित्र आलं, तर तो विंडोजच्या खात्याचा. आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की मागतोय, तर ते बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एनक्रिप्ट करणारं, किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असं करणारं विंडोजचं कुलूप.

फोनवर विचारलं तर सगळे "विंडोजचाच आहे" असं सांगतात. दहातले सात वेळा असतोही. उरलेल्या तिनांसाठी व्हिडिओ.

आधी कीबोर्डवर संशय घ्या

मावशीचा लॅपटॉप विंडोज सेव्हनचा. ती ठामपणे म्हणत होती, "मोगरा. हाच पासवर्ड आहे, मी रोज टाकत होते." आणि कॉम्प्युटर दर वेळी चूक म्हणत होता. मला वाटलं, मावशी विसरली. मग तिच्या शेजारी बसून बोटांकडे बघितलं. बोटं बरोबर अक्षरांवर पडत होती. दोष नमलॉकचा होता.

बाजूला आकड्यांचा वेगळा चौकोन नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर नमलॉक चालू असेल तर उजव्या हाताखालची अक्षरं आकडे होतात. जे, के, एल या कळा १, २, ३ देतात. यू, आय, ओ या ४, ५, ६. आणि एम देते शून्य. मावशीचा 'मोगरा' आत जाताना शून्य-सहा-जी-आर-ए असा जात होता आणि चौकटीत दिसत होते नुसते पाच ठिपके. त्या कळांच्या कडेला बारीक आकडे छापलेले असतात, इतके बारीक की वर्षानुवर्षं वापरूनही कुणाचं लक्ष जात नाही. एफएन कळ दाबून धरून नमलॉक दाबला, 'मोगरा' टाकला, उघडला. काढायला काही उरलंच नव्हतं.

कॅप्सलॉकबद्दल विंडोज स्वतः सांगतं. नमलॉकबद्दल सांगत नाही. भाषेबद्दलही ओरडून सांगत नाही: पडद्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरांची खूण असते, आणि पूर्वी कुणी मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट चालू केलेलं असेल तर पासवर्ड देवनागरीत जात असतो. एक्सपी आणि सेव्हनमध्ये डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलते, विंडोज टेनमध्ये विंडोजची कळ आणि स्पेसबार. कळाच मेल्या असतील तर सेव्हनपासून पुढच्या विंडोजमध्ये लॉगिनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात ईझ ऑफ ॲक्सेसचं चिन्ह असतं. त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि पासवर्ड माऊसनं टाका. दहा वर्षं पडून राहिलेल्या कीबोर्डची एखादी कळ हमखास दगा देते.

कुलूप तोडण्याआधी सामान बाहेर काढा

इथे मी हट्टी आहे. विंडोजच्या पासवर्डनं डिस्कवरच्या फायली लपत नाहीत. तो फक्त दारावर उभा असतो. फायली एनक्रिप्ट केलेल्या नसतील तर त्या मागच्या दारानं सरळ बाहेर काढता येतात, आणि त्या काढून होईपर्यंत मी पासवर्डला हातही लावत नाही. जुन्या डिस्कचा भरवसा नसतो. पासवर्ड काढायच्या नादात दहा वेळा चालू-बंद करताना ती बसली, तर उघडं कुलूप आणि रिकामं घर.

सुरुवातीला डिस्कचा आवाज ऐका. सलग घरघर ठीक. ठराविक लयीत टक्-टक् असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितकी बिघडत जाते, आणि आतला डेटा खरोखर मोलाचा असेल तर ती घरी हाताळायची वस्तू नाही.

आवाज नीट असेल तर दोन रस्ते. पहिला म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी वेगळी, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) चालू करणं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची किंवा तशाच एखाद्या लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घ्या, रूफस किंवा व्हेंटॉय हे प्रोग्राम वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा, आणि जुन्या मशीनला त्या पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे चालू करा. बूट मेनूची कळ मशीनगणिक वेगळी: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, बाकीच्यांवर एस्केप, एफ८ किंवा एफ११ करून बघा. लिनक्स इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं वापरून बघण्याचा पर्याय घ्यायचा. हे वाक्य मी फोनवर तीनदा सांगतो. इन्स्टॉलचं चिन्ह डेस्कटॉपवर ठळक असतं आणि माणसाचा हात तिकडेच जातो.

यात अडचणी येतात त्या ठरलेल्या. खूप जुना प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर आताचं लिनक्स 'मला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो' असं म्हणून थांबतं. तिथे पपी लिनक्स किंवा अँटीएक्सची ३२ बिट आवृत्ती चालते. त्याहून जुनं मशीन यूएसबीवरून बूटच होत नाही. मग सीडी राईट करावी लागते, आणि पपी सीडीत मावतं. यूएसबी कीबोर्ड बूट मेनूत चालत नसेल तर मागे जांभळ्या रंगाचा गोल पीएस/२ पोर्ट असतो, त्यात जुना कीबोर्ड लावा. मशीन बंद असताना लावा. तो यूएसबीसारखा चालू मशीनमध्ये घालायचा नसतो.

दुसरा रस्ता: डिस्कच काढा आणि यूएसबीच्या ॲडॉप्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डिस्कचा जोड साटा (नवा) आहे की आयडीई (जुना), ते आधी बघा. साटाचा जोड चपटा असतो. आयडीईला टोचणाऱ्या पिनांच्या दोन रांगा असतात, डेस्कटॉपच्या डिस्कला ४० आणि लॅपटॉपच्या डिस्कला ४४. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. आणि दुसऱ्या विंडोजला जोडल्यावर 'या फोल्डरची परवानगी नाही, पुढे जायचं का' असं विचारलं जातं. तिथे पुढे गेलात की ते विंडोज जुन्या डिस्कवरच्या परवानग्या बदलत सुटतं. म्हणून मला लिनक्स बरं वाटतं. ते परवानग्यांच्या भानगडीत पडत नाही.

कॉपी काय करायचं? एक्सपीमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे अख्खं फोल्डर, व्हिस्टापासून पुढे 'युजर्स'. आतलं निवडत बसू नका, सगळं घ्या. आऊटलुक एक्सप्रेसच्या मेलसारख्या गोष्टी आत लपवलेल्या फोल्डरांमध्ये असतात आणि त्या मागून आठवतात. शिवाय सी ड्राइव्हच्या मुळाशी आणि डी ड्राइव्हवर लोकांनी 'न्यू फोल्डर' नावानं काय काय ठेवलेलं असतं, तेही. आणि हे मराठी माणसानं विसरूच नये: विंडोजच्या आतलं 'फॉन्ट्स' हे फोल्डर. युनिकोड रुळायच्या आधी टाइप केलेला मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांमध्ये असतो. फॉन्टची फाइल नसेल तर उघडलेल्या कागदावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं, फाइल बिघडली. फाइल धडधाकट असते, फॉन्ट मागे राहिलेला असतो.

डिस्क वाचताना मध्येच अडखळत असेल तर फायली एकेक करून ओढू नका. लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूनं आधी अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. ते सोपे भाग आधी उचलतं, अडणारे भाग शेवटी परत परत वाचून बघतं.

विंडोजच्या खात्याचा पासवर्ड

आता कुलूप. आधी घरातले ड्रॉवर शोधा. एक्सपी आणि सेव्हनच्या काळात 'पासवर्ड रिसेट डिस्क' बनवायची सोय होती, आणि तिच्यात 'यूजरकी' नावाची एकच छोटी फाइल असते, शेवटी टिंब आणि पीएसडब्ल्यू. अशी फ्लॉपी किंवा पेनड्राइव्ह सापडला तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर जो रिसेटचा दुवा दिसतो तिथून काम होतं. नंतर कितीदाही पासवर्ड बदललेला असला तरी ती डिस्क चालते. सापडणं दुर्मीळ, पण मला एकदा सापडली आहे, मशीनच्या मॅन्युअलच्या पानांत.

एक्सपी असेल तर 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं एक दडलेलं खातं असतं आणि घरगुती मशीनवर त्याला बहुतेकांनी कधी पासवर्डच ठेवलेला नसतो. नावांच्या पडद्यावर कंट्रोल-आल्ट-डिलीट दोनदा दाबा, जुन्या पद्धतीची चौकट येईल, त्यात नावाच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटर लिहा, पासवर्ड रिकामा ठेवून एंटर. होम आवृत्तीत हे फक्त सेफ मोडमध्ये चालतं, म्हणजे चालू होताना एफ८. आत गेल्यावर कंट्रोल पॅनेलमधून बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. व्हिस्टापासून हे खातं मुळातच बंद ठेवलेलं असतं, तिथे हा दरवाजा नाही.

दरवाजा नसेल तर लिनक्समधून काढायचा. खात्यांचे पासवर्ड विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरात 'कॉन्फिग'च्या आत 'सॅम' नावाच्या फाइलीत असतात. मूळ शब्द नसतो, त्याचा हॅश असतो, म्हणजे त्या शब्दापासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी खूण. सीएचएनटीपीडब्ल्यू नावाचं एक जुनं, फुकट, उघड्या सोर्सचं साधन आहे, लिनक्स मिंटमध्ये ते पॅकेजच्या यादीतून मिळतं. आधी सॅमची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मग त्या कॉन्फिग फोल्डरात टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून, सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, हे साधन डॅश-एल देऊन सॅमवर चालवलं की खात्यांची यादी दिसते. डॅश-यू आणि खात्याचं नाव दिलं की छोटा मेनू येतो. १ म्हणजे पासवर्ड कोरा करा, २ म्हणजे बंद पडलेलं खातं उघडा. मी १ घेतो, मग क्यू, मग बदल साठवायला वाय. नवा पासवर्ड तिथेच लिहायच्या फंदात पडू नका. कोरा करून आत जा आणि विंडोजमधून नवा ठेवा. लिनक्स छोटं-मोठं अक्षर वेगळं मानतं, म्हणून फोल्डरांची नावं स्वतः टाइप न करता टॅब दाबून पुरी करून घ्या.

साठवताना 'फक्त वाचता येईल' अशी तक्रार आली, तर विंडोज झोपवलेलं आहे, नीट बंद झालेलं नाही. लॉगिनच्या पडद्यावर पॉवरचं बटण असतं, तिथून शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा आणि परत लिनक्समध्ये या. शिफ्टचं हे विंडोज ८ आणि पुढच्यांसाठी. आधीच्यांना साधं शटडाऊन पुरतं.

आता धोक्याचं. पासवर्ड कोरा करायच्या आधी फायली एनक्रिप्ट केलेल्या नाहीत ना, ते बघा. एक्सपी प्रोफेशनल आणि तशाच आवृत्त्यांमध्ये फोल्डर एनक्रिप्ट करायची सोय होती, ईएफएस नावाची. अशा फायलींची नावं विंडोजमध्ये हिरवी दिसतात. बाहेरून बघताना लिनक्समध्ये त्या दिसतात पण उघडत नाहीत. त्यांची किल्ली पासवर्डानंच कुलूपबंद केलेली असते. पासवर्ड बाहेरून पुसला की किल्ली गेली. मी सुरुवातीच्या काळात एकाचा पासवर्ड मोठ्या ऐटीत काढून दिला आणि आत एक हिरवं फोल्डर कायमचं बंद करून बसलो. सॅमची प्रत ठेवा असं मी सांगतो, त्याचं मूळ तिथे आहे: जुनी सॅम परत ठेवली असती आणि पासवर्ड नंतर आठवला असता तर ते उघडलं असतं. माझ्याकडे प्रत नव्हती.

अशा वेळी पासवर्ड पुसायचा नाही, शोधायचा. एक्सपीच्या बाबतीत ते जमतं, कारण एक्सपी १४ अक्षरांपर्यंतच्या पासवर्डचा एक जुनाट हॅशही साठवतं, ज्याला एलएम म्हणतात. तो पासवर्डचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करतो आणि सगळी अक्षरं कॅपिटल करून टाकतो. सात अक्षरांचं कोडं आजच्या कॉम्प्युटरला किरकोळ आहे, ऑफक्रॅक नावाचं फुकट साधन तेच करतं. व्हिस्टापासून एलएम साठवणं बंद झालं आणि हा रस्ताही.

विंडोज ८ पासून लोक ईमेलच्या खात्यानं लॉगिन करू लागले. तिथे नावाखाली ईमेलचा पत्ता दिसतो आणि सॅमशी खेळून हाती काही लागत नाही. पासवर्ड फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बदला, मग जुन्या मशीनला लॉगिनच्याच पडद्यावरून वायफाय जोडा आणि नवा पासवर्ड टाका. लोक इथे एक गोष्ट चुकतात: नेट नसेल तर मशीनला नवा पासवर्ड माहीतच नसतो, ते शेवटी त्याच मशीनवर वापरलेला जुना पासवर्ड धरून बसलेलं असतं. म्हणून "मी २०१९ मध्ये बदलला होता, तोही चालत नाही" असं कुणी म्हटलं की मी त्याच्या आधीचा विचारतो. विंडोज टेनच्या साध्या खात्याला २०१८ पासून सुरक्षा प्रश्न असतात. चुकीचा पासवर्ड टाकला की खाली रिसेटचा दुवा येतो. उत्तरं जशी लिहिली होती तशीच लागतात, स्पेलिंगसकट.

बिटलॉकरचं थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखं थोडकंच आहे. ४८ अंकी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असेल, छापून ठेवलेली असेल, किंवा पेनड्राइव्हवर असेल. पडद्यावर कीचा आयडी दिसतो, त्याची पहिली अक्षरं जुळणारी की शोधा. नसेल तर आतलं गेलं. डिस्क पुसून मशीन वापरता येईल, डेटा मिळणार नाही. "आम्ही उघडून देतो" म्हणणारी विकाऊ सॉफ्टवेअरं इथे काहीही करू शकत नाहीत, आणि साध्या पासवर्डच्या बाबतीत जे करतात ते वरच्या फुकट साधनांनी होतं.

बायोसचा पासवर्ड

डेस्कटॉप असेल तर सोपं. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर गोल सेलच्या आसपास तीन पिनांचा एक जंपर असतो, शेजारी सीएलआर-सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ असं काहीतरी छापलेलं. त्याची छोटी प्लॅस्टिकची टोपी १ आणि २ या पिनांवर असते. ती उचलून २-३ वर दहा सेकंद ठेवा, परत १-२ वर आणा, मगच वायर लावा. टोपी चुकीच्या जागी असताना चालू करायचं नाही. जंपर सापडला नाही तर सेलच काढून काही मिनिटं बाहेर ठेवा.

लॅपटॉपला हे लागू होईलच असं नाही. बऱ्याच लॅपटॉपांत पासवर्ड अशा चिपमध्ये असतो जिला बॅटरी लागतच नाही, सेल महिनाभर काढून ठेवला तरी ती विसरत नाही. तीनदा चुकल्यावर काही मशीन 'सिस्टम डिसेबल्ड' म्हणून एक नंबर दाखवतात, तो लिहून घ्या आणि खरेदीची पावती घेऊन कंपनीकडे विचारा. काही कंपन्या मदरबोर्ड बदलणं हाच उपाय सांगतात. मशीन जुनं असेल तर त्यात जीव अडकवू नका. डिस्क काढून डेटा घ्या आणि विषय सोडा. फक्त डिस्कला स्वतःचा पासवर्ड नसावा. तो असेल तर पाच चुकांनंतर डिस्क वीज तोडून परत देईपर्यंत काही ऐकतच नाही, आणि तो पासवर्ड आठवल्याशिवाय घरच्या घरी इलाज नाही.

आणि मग ते परत का अडलं

मामांचा निळा पडदा. खाली बारीक अक्षरांत स्टॉप, मग शून्य-एक्स आणि शून्यांची रांग, शेवटी 7बी. याचा अर्थ विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये साटाचा मोड बघितला तर एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची नवी पद्धत. एक्सपीकडे मुळात एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. ते मशीन बसवताना कुणीतरी मोड जुन्या पद्धतीचा, आयडीई, करून ठेवला होता. मी आयडीई केला, एफ१० दाबून साठवलं, चाललं. रीस्टार्ट केलं, चाललं. मी घरी आलो, मामांनी रात्री नेहमीच्या सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि सकाळी परत 7बी.

त्या बटणात सगळं होतं. डेस्कटॉप बंद असला तरी वायरीत वीज असते तोवर मदरबोर्डला थोडा करंट मिळत राहतो आणि बायोसच्या सेटिंग्ज टिकतात. भिंतीवरून वीज तोडली की सगळी मदार त्या गोल सेलवर. सेल मेलेला, म्हणून सेटिंग्ज मूळ पदावर, म्हणून एएचसीआय, म्हणून निळा पडदा. मी रीस्टार्ट करून तपासत होतो, आणि रीस्टार्टमध्ये हा दोष दिसूच शकत नाही. तपासायचं तर वायर काढून पाच मिनिटं थांबून लावायची. एवढं सुचायला मला तिसरा फोन लागला.

सेल सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. मीटर असेल तर मोजा, २.८ च्या खाली असेल तर मी बदलूनच टाकतो. अधिकची बाजू वर, कडेची धातूची पट्टी नखानं मागे सारली की सेल आपोआप उचलला जातो. लॅपटॉपमध्ये तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आणि दोन वायरींच्या जोडाचा असतो, तसाच घ्यावा लागतो. बदलल्यावर बायोसमध्ये तारीख, वेळ, बूटचा क्रम आणि साटाचा मोड पुन्हा लावा.

सेल मेल्याच्या आणखी खुणा सांगतो, कारण त्या पासवर्डच्या कामात वेगळ्याच वेषात येतात. चालू होताना 'सीमॉस चेकसम'ची, म्हणजे साठवलेल्या बायोस सेटिंग्ज बिघडल्याची, तक्रार आणि 'पुढे जायला एफ१ दाबा'. घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसलेलं. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची चूक दाखवतात, आणि ईमेलच्या खात्याचं लॉगिनही नवा पासवर्ड बरोबर असून अडू शकतं. तिथे लोक पुन्हा पासवर्ड बदलायला धावतात. आधी तारीख बघा.

जंपरनं बायोसचा पासवर्ड काढला तरी हेच होतं, कारण पासवर्डबरोबर बाकी सगळ्या सेटिंग्जही पुसल्या जातात. त्यानंतर निळा पडदा आला तर विंडोज बिघडलं असं समजून फॉरमॅट करू नका. मोड दुसरा करून बघा, एक मिनिटाचं काम आहे.

आत गेल्यावर

एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, सेव्हनचे जानेवारी २०२०, विंडोज टेनचे ऑक्टोबर २०२५ मध्ये. क्रोमची सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. एक्सपी किंवा सेव्हनचं मशीन मी नेटला जोडत नाही. जुना स्कॅनर, जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, जुने खेळ यांच्यासाठी ते तसंच राहू दे, फायली पेनड्राइव्हनं ने-आण करा. रोज वापरायचं असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आणि मेमरी निदान २ जीबी, शक्यतो ४, असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसते, आणि डिस्कच्या जागी साटाची एसएसडी घातली तर मशीन ओळखू येत नाही. जुनी डिस्क मात्र पुसू नका. पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा. काहीतरी राहिलंय हे सहा महिन्यांनी आठवतं.

मामांना एक्सपीच हवं होतं, त्यांच्या स्कॅनरसाठी. नवा सेल घातला, वायर काढून चहा होईपर्यंत थांबलो, लावली, चाललं. मग कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली: सेल बदलल्याची तारीख, 'साटा मोड आयडीई', आणि खाली मामांच्या अक्षरात नवा पासवर्ड.